पोटात कावळे ओरडू द्या : लहान आतड्यात जिवाणू वाढतात तेव्हा

सकाळी उठल्यावर आईचं पोट सपाट असायचं. नाश्त्याचे पोहे पोटात गेले की तासाभरात ते फुगायला लागायचं, आणि दुपारच्या जेवणानंतर तिला परकराची नाडी सैल करावी लागायची. संध्याकाळी पोटावर हात ठेवून म्हणायची, "बघ, डब्ब झालंय नुसतं." टिचकी मारली तर खरंच पोकळ आवाज यायचा. ओवा झाला, हिंग झाला, सोडा झाला, जेवणानंतरची बडीशेप झाली. गॅसची गोळी तर आठ वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी चालूच होती. जो भेटेल तो सांगायचा, वय झालं की पचन मंदावतंच. दोन वर्षं अशी गेल्यावर पोटविकारतज्ज्ञांनी एक शब्द उच्चारला, जो आमच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता : सिबो.

इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडलेलं हे नाव. मराठीत सांगायचं तर लहान आतड्यात जिवाणूंची अतिवाढ. तेव्हापासून मी यावर बरंच वाचलं, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं आणि आईच्या ताटाशी रोज झटापट केली. त्यातून जे समजलं ते इथे लिहिते आहे, कारण या आजाराबद्दल शोधायला गेलं की एक तर बाटल्या विकणारे भेटतात, नाही तर "हे बंद, ते बंद" अशा न संपणाऱ्या याद्या. दोन्हींत मूळ गोष्ट सांगायची राहून जाते.

जिवाणू वाईट नाहीत, जागा चुकली आहे

आपल्या पोटात जिवाणू असतात हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. पण ते सगळीकडे सारखे नसतात. जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला एका मिलिलिटर रसात जेमतेम हजारभर जिवाणू असतात. लहान आतड्याच्या शेवटाकडे हा आकडा कोटीत जातो. आणि मोठ्या आतड्यात तो दहा हजार कोटींच्याही वर असतो. म्हणजे खरी वस्ती मोठ्या आतड्यात. तिथे ते आपल्या उपयोगाचे असतात : आपल्याला न पचलेला चोथा आंबवतात, त्यातून आतड्याच्या अस्तराला लागणारी आम्लं तयार करतात.

लहान आतडं हे सुमारे सहा मीटर लांबीचं, अन्न शोषून घेण्याचं ठिकाण आहे. तिथे जिवाणूंची गर्दी झाली की आपण जेवतो त्याच पंगतीत तेही बसतात, तेही आपल्या आधी. भातातली, पोळीतली, डाळीतली कर्बोदकं शोषली जाण्याआधीच आंबतात, त्यातून वायू होतो, आणि अरुंद नळीत वायू कोंडला की पोट फुगतं, दुखतं. काही जिवाणू पित्तातल्या क्षारांची मोडतोड करतात. मग तेलातुपाचं पचन बिघडतं, शौच चिकट, दुर्गंधीयुक्त, पाण्यावर तरंगणारं होतं आणि अ, ड, ई ही स्निग्ध पदार्थांबरोबर शोषली जाणारी जीवनसत्त्वं कमी पडायला लागतात. बी-१२ तर जिवाणू सरळ स्वतःसाठी वापरतात. उलट फोलेट, म्हणजे ज्याची गोळी फॉलिक ॲसिड म्हणून मिळते ते जीवनसत्त्व, ते तयार करतात. त्यामुळे रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट मात्र भरपूर, असा अहवाल आला तर जाणकार डॉक्टरांच्या मनात सिबोची शंका येते. एवढ्यावरून निदान मात्र करू नये. आपल्याकडे शाकाहारी माणसांत बी-१२ आहारातूनच कमी असतं, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ते घटतं.

आता प्रश्न असा, की एरवी लहान आतडं स्वच्छ कसं राहतं? जठरातलं आम्ल वरून येणाऱ्या जिवाणूंना मारतं, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्यांची वाढ रोखतात, लहान आणि मोठ्या आतड्याच्या मध्ये एक झडप असते ती खालची वस्ती वर येऊ देत नाही. पण मला सगळ्यात भावली ती चौथी व्यवस्था.

पोट रिकामं असताना साधारण दर दीड-दोन तासांनी जठराकडून आकुंचनाची एक जोरदार लाट निघते आणि हळूहळू सरकत लहान आतड्याच्या शेवटापर्यंत जाते. वाटेतले अन्नाचे कण, गळलेल्या पेशी, जिवाणू, सगळं पुढे लोटत नेते. अंगणात सकाळी खराटा फिरतो ना, अगदी तसा. १९६९ साली कुत्र्यांच्या आतड्यांवरच्या अभ्यासात ही लाट पहिल्यांदा नीट नोंदली गेली, आणि १९७७ साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी दाखवलं, की ज्यांच्या लहान आतड्यात जिवाणू वाढलेत अशा काही रुग्णांमध्ये ही लाट येतच नाही. भुकेच्या वेळी पोटातून जो गुडगुड आवाज येतो, ज्याला आपण पोटात कावळे ओरडतात म्हणतो, तो पुष्कळदा या झाडलोटीचा आवाज असतो. आणि काहीही खाल्लं, अगदी दूध-साखरेचा अर्धा कप चहा आणि एक बिस्किट, की खराटा थांबतो. पोट पुन्हा पचनाच्या कामाला लागतं.

हे समजलं तेव्हा मला आईचा दिवस डोळ्यांसमोर आला. सहाला चहा, साडेआठला पोहे, अकराला "काहीतरी तोंडात टाकायला", एकला जेवण, चारला चहा-खारी, सहाला चिवडा, नऊला जेवण, झोपताना हळद-दूध. खराट्याला वेळच नव्हता.

बिघडतं कुठे

खाण्याच्या वेळांमुळे एकट्याने सिबो होतो असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा मागे ठोस कारण असतं आणि ते शोधणं हा उपचाराचा अर्धा भाग आहे. वर्षानुवर्षांचा मधुमेह आतड्याच्या नसा बोथट करतो. थायरॉइड मंदावलं की आतडंही मंदावतं. आईचं हेच निघालं, गोळी होती पण घेण्यात नेम नव्हता. अफूवर्गीय वेदनाशामकं आतड्याची हालचाल रोखतात. पोटाच्या ऑपरेशननंतर आतून आतडी एकमेकांना चिकटतात, तिथे अन्न साचतं. आतड्याच्या क्षयरोगाने आतडं अरुंद होतं आणि त्या अडथळ्यामागे जिवाणूंचं फावतं. भारतात ही शक्यता डॉक्टर कधीच नजरेआड करत नाहीत. स्वादुपिंडाची जुनाट सूज, त्वचा आणि आतले अवयव कडक करणाऱ्या स्क्लेरोडर्मासारखे आजार, आणि कधी कधी एकदाच झालेली जोरदार अन्नविषबाधा, जिच्यानंतर पोट पूर्वीसारखं कधी राहतच नाही, हीसुद्धा कारणं.

आणि ती गॅसची गोळी. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही सगळी आम्ल दाबणारी औषधं. आम्ल हा पहिला पहारेकरी, तो दीर्घकाळ झोपवून ठेवला तर सिबोची शक्यता काही प्रमाणात वाढते असं अभ्यासांत दिसलं आहे. गंमत अशी की पोट फुगतं म्हणून गोळी, आणि गोळी चालूच राहिल्याने पोट फुगायला आणखी वाव. तरीही ही गोळी मनाने एकदम बंद करू नका. अचानक थांबवली की आम्ल उसळी मारतं आणि जळजळ आधीपेक्षा वाढते. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या चालू असलेल्या काहींना रक्तस्राव टाळण्यासाठी ती लागतेच. डॉक्टरांना फक्त एवढंच विचारा : "मला ही अजून लागते का?" आईच्या बाबतीत उत्तर "नाही" होतं आणि दोन महिन्यांत हळूहळू ती सुटली.

आपल्या देशाचा या विषयाशी जुना संबंध आहे. १९६०च्या दशकात तमिळनाडूत वेल्लोरच्या आसपासच्या खेड्यांत ट्रॉपिकल स्प्रू नावाच्या अपचनाच्या आजाराच्या साथी आल्या होत्या. जुलाब, खंगत जाणारं शरीर, रक्तक्षय. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. टेट्रासायक्लिन आणि फॉलिक ॲसिडने बरा होणारा तो आजार सिबोपेक्षा वेगळा, पण अशा रुग्णांच्या लहान आतड्यातही जिवाणूंची गर्दी सापडते.

फुंकर मारून तपासणी

लहान आतड्यातला रस दुर्बिणीने काढून त्यातले जिवाणू मोजणं ही थेट तपासणी. एका मिलिलिटरमध्ये हजारापेक्षा जास्त वाढ दिसली तर सिबो, असा आजचा निकष आहे. पूर्वी तो एक लाख होता. ही तपासणी खर्चिक आणि त्रासाची, म्हणून बहुतेक ठिकाणी श्वासाची तपासणी करतात. तिच्यामागचा विचार फार सुंदर आहे. माणसाच्या स्वतःच्या पेशी हायड्रोजन किंवा मिथेन तयार करत नाहीत. ते फक्त आतड्यातले सूक्ष्मजीव करतात, तिथून ते रक्तात उतरतात आणि फुप्फुसांतून बाहेर पडतात. म्हणजे श्वास मोजला की आतड्यात काय शिजतंय ते कळतं.

आईला चार आठवडे कुठलंही अँटिबायोटिक चालणार नव्हतं. आदल्या दिवशी डाळ नाही, भाजी नाही, फळ नाही; फक्त पांढरा भात, मीठ आणि तूप. नंतर बारा तास उपास. सकाळी तोंड खळखळून धुवायला लावलं, कारण तोंडातले जिवाणूही वायू करतात. मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी. "काकू, सावकाश सोडा श्वास, घाई करू नका," तिथली मुलगी सांगत होती आणि आई दर वीस मिनिटांनी नळीत फुंकत होती. पहिली नोंद ४ आली. चाळीस मिनिटांनी १९. तासाने ३७. दीड तासाच्या आत हायड्रोजन सुरुवातीपेक्षा २० अंकांनी वाढला तर तपासणी सकारात्मक धरतात, दहा लाख भागांमागे किती भाग असं ते मोजमाप असतं. आई कागदाकडे बघत राहिली. नंतर रिक्षात म्हणाली, "म्हणजे मला उगाच वाटत नव्हतं."

या वाक्यासाठी तरी तपासणीची किंमत वसूल झाली असं मला वाटलं. तिच्या मर्यादा मात्र माहीत असाव्यात. ग्लुकोज वरच्या भागातच शोषलं जातं, त्यामुळे खालच्या भागातली वाढ निसटू शकते. काही ठिकाणी लॅक्टुलोज नावाची न पचणारी साखर देतात. ते शोषलं न जाता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं, आणि ज्यांचं आतडं चपळ आहे त्यांच्यात ते लवकर पोचून खोटा होकार देतं. भारतीय लोकांत अन्न आतड्यातून तुलनेने लवकर पुढे सरकतं, म्हणून आपल्याकडचे तज्ज्ञ ग्लुकोजला झुकतं माप देतात.

मिथेन १० किंवा त्याहून जास्त आलं तर गोष्ट थोडी निराळी. मिथेन करणारे जीव जिवाणू नव्हेतच, ते आर्किया नावाच्या वेगळ्या कुळातले. इतर जिवाणूंनी केलेला हायड्रोजन खाऊन ते मिथेन करतात, आणि मिथेन आतड्याची गती कमी करतं. म्हणून अशा लोकांना जुलाबाऐवजी बद्धकोष्ठ असतं आणि त्यांना औषधंही वेगळी, बहुधा दोन एकत्र, द्यावी लागतात.

औषधाचं थोडक्यात सांगते. रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक सगळ्यात जास्त वापरलं जातं. गोळीतला अर्धा टक्काही भाग रक्तात जात नाही, ती आतड्यातच काम करते. साधारण दोन आठवड्यांचा कोर्स असतो. मेडिकलमधून आपलं आपण आणून घेण्याचं हे औषध नाही. डोस, प्रकार आणि मूळ कारण डॉक्टरांनीच ठरवायचं. वजन उतरत असेल, शौचात रक्त येत असेल, ताप असेल, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, रक्तक्षय असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला असेल, तर आहाराचे प्रयोग करत बसू नका. आधी डॉक्टर गाठा.

ताट

आहाराने सिबो बरा होतो असं कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आहाराने त्रास कमी होतो. हा फरक आहे आणि तो मोठा आहे. जिवाणूंना आंबवायला कमी मिळालं की वायू कमी होतो, माणसाला बरं वाटतं; मूळ बिघाड तसाच राहिला तर ते पुन्हा तिथेच असतात. उरला अपवाद एक : सगळी पोषकद्रव्यं आधीच सुट्या स्वरूपात असलेलं वैद्यकीय द्रव अन्न, दोन-तीन आठवडे फक्त तेच. २००४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दोन आठवड्यांनी ८० टक्के लोकांची श्वासतपासणी सुधारली होती. पण ते चवीला वाईट, खर्चिक, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करण्याजोगं नाही.

घरी करायची पहिली गोष्ट म्हणजे अंतर. दोन खाण्यांमध्ये चार ते पाच तास, आणि रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या नाश्त्यापर्यंत बारा तास. मध्ये पाणी चालतं, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा चालतो. एवढ्याने आजार जातो असं सिद्ध झालेलं नाही, पण झाडलोटीला वेळ द्यायचा तर दुसरा मार्ग नाही. आईसाठी हेच सगळ्यात अवघड गेलं. भुकेपेक्षाही चारचा चहा हा शेजारच्या काकूंशी बोलण्याचा वेळ होता. शेवटी चहा तोच ठेवला, कोरा, आलं घालून, आणि खारी गेली. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी, आधीच वजन कमी असणाऱ्यांनी असं अंतर मनाने वाढवू नये. त्यांच्यासाठी भूक ताणणं धोक्याचं ठरू शकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे चटकन आंबणारी कर्बोदकं काही काळ कमी करणं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५च्या सुमारास अशा कर्बोदकांना फॉडमॅप हे एकत्रित नाव दिलं आणि त्यावर आहारपद्धत बांधली. ती मुळात आतड्याच्या चिडखोरपणासाठी, म्हणजे आयबीएससाठी आहे. सिबोवर तिचा पुरावा तुटपुंजा आहे, पण त्रास कमी करण्यासाठी डॉक्टर ती सुचवतात.

अडचण ही की त्यांच्या याद्या त्यांच्या स्वयंपाकघरातल्या. आपल्या ओट्यावर उभं राहून पाहिलं तर कांदा आणि लसूण हे सगळ्यात मोठे दोषी, त्यांच्यातल्या फ्रुक्टान नावाच्या न पचणाऱ्या कर्बोदकामुळे. गव्हातही तेच असतं. राजमा, छोले, वाटाणा, चवळी यांच्यात दुसऱ्या जातीची न पचणारी साखर. दुधात लॅक्टोज, जे आपल्यातल्या बऱ्याच मोठ्या माणसांना तसंही नीट पचत नाही. आंबा, सफरचंद आणि मध यांत फ्रुक्टोज जास्त. फुलकोबी आणि मशरूममध्ये मॅनिटॉल, साखरेसारखंच पण नीट न शोषलं जाणारं. शुगर-फ्री गोळ्या-मिठायांत त्याच जातीचे सॉर्बिटॉल, माल्टिटॉल.

"तब्येतीसाठी चांगलं" म्हणून आपण जे वाढवतो, तेच अशा पोटाला जड जातं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मिश्र कडधान्यांची उसळ, गव्हाचा दलिया, सकाळचं मध-लिंबूपाणी, सफरचंद. आईला दोन वर्षं आम्ही प्रेमाने हेच देत होतो.

मग काय चालतं? भात चालतो. ज्वारीची भाकरी चालते. बटाटा, वांगं, गाजर, पालक, काकडी चालते. भेंडी बेताने. फळांत पपई, संत्रं, अननस, आणि केळं अगदी पिकून मऊ न झालेलं. शेंगदाणे चालतात, काजू नाही. अंडी, मासे, चिकन यांत आंबणारं काही नाही. रश्शातला कांदा-लसूण तेवढा बघायचा.

आता एक युक्ती, जिने आमच्या घरातलं वातावरण बदललं. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. म्हणून फोडणीच्या तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतायच्या आणि पाणी, डाळ, भाजी काहीही पडायच्या आत झाऱ्याने काढून घ्यायच्या. वास आणि चव तेलात राहते, त्रास देणारा भाग पाकळीबरोबर जातो. ज्या दिवशी पहिल्यांदा अशा तेलाची फोडणी वरणाला दिली, आईने वाटी नाकाशी नेली आणि काही न बोलता दुसऱ्यांदा भात घेतला. कांद्याच्या जागी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात वापरता येते, पांढरा भाग नाही. हिंग तर आपल्याकडे आहेच, पण बाजारातल्या बहुतेक हिंगपुडीत पीठ मिसळलेलं असतं, कधी गव्हाचं; सिलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार, असणाऱ्यांनी डबीवरचे घटक वाचावेत.

डाळ बंद करावी लागली नाही. मुगाची डाळ रात्रभर भिजवायची, ते पाणी फेकायचं, दुसऱ्या पाण्यात शिजवायची. त्रासदायक साखरेचा बराच भाग पाण्याबरोबर निघून जातो. मोड आणण्यानेही ती कमी होते, म्हणून मोडाची मटकी नीट शिजवून दोन चमच्यांपासून पुढे करून बघता येते. प्रमाण हा या सगळ्याचा कणा आहे. पाव वाटी जे निमूट पचतं, तेच दोन वाट्या झालं की पोट फुगवतं.

आणि याला तारीख हवी. कडक पथ्य दोन ते सहा आठवडे, त्यापुढे नाही. आंबणारं अन्न कमी केलं की मोठ्या आतड्यातले उपकारक बिफिडोबॅक्टेरियाही घटतात, हे अभ्यासात दिसलेलं आहे. शिवाय माणूस अन्नाला घाबरायला लागतो. तीन-तीन वर्षं भात आणि उकडलेल्या भाजीवर काढलेली माणसं मला भेटली आहेत. वजन पंधरा किलोंनी उतरलेलं, लग्नकार्याला जाणं सोडलेलं, आणि पोट तरी तसंच. हे बघून जीव तुटतो. सहा आठवड्यांत फरक नसेल तर पथ्य आणखी आवळायचं नाही, निदान तपासायचं.

जेवणानंतरची शतपावली विसरू नका. हलक्या चालण्याने आतड्यातला वायू पुढे सरकतो, हे मोजून पाहिलेलं आहे.

बाटल्या

आईच्या उशाशी एका डब्यात सात बाटल्या जमल्या होत्या. डॉक्टरांनी त्या एकेक करून टेबलावर मांडल्या आणि दोन परत दिल्या : बी-१२ आणि ड जीवनसत्त्व.

कमतरता भरून काढणं हा पूरक गोळ्यांचा पहिला आणि खरा उपयोग. सिबोत बी-१२ पुष्कळदा इंजेक्शनने देतात, कारण तोंडाने दिलेलं वाटेत जिवाणू खाऊ शकतात. बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहू नका. त्याने रक्ताचा अहवाल सुधारतो आणि नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची ६०,००० युनिटांची पुडी रोज घेणारी माणसंही आहेत. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं.

तंतूंमध्ये, म्हणजे फायबरमध्ये, एक नाव आपल्या ओळखीचं आहे. गवारीच्या बियांपासून निघणारा डिंक प्रक्रिया करून पातळ विरघळणारा केला जातो. २०१० साली इटलीत ७७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या रिफॅक्सिमिनने ६२ टक्के लोकांचा सिबो गेला, आणि त्याच्या जोडीला हा तंतू दिल्यावर ८७ टक्के लोकांचा. अभ्यास लहान, पण उल्लेखनीय. म्हणून गवारीची भाजी खाल्ली की तेच होईल असं मात्र नाही. प्रक्रियेनंतरची भुकटी वेगळी.

वनस्पतींच्या अर्कांवर लोकांचा ओढा जास्त असतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून २०१४ साली १०४ रुग्णांचा अभ्यास आला. वनौषधींच्या मिश्रणाने ४६ टक्के लोकांची श्वासतपासणी ठीक झाली, रिफॅक्सिमिनने ३४ टक्के लोकांची. आशादायक आहे, पण कुणाला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावर फार भार देता येत नाही. अशा मिश्रणांत बर्बेरिन असतं, आपल्या दारुहळदीतला पिवळा घटक. ते जिवाणू रोखतं हे खरं. रक्तातली साखरही उतरवतं, इतर औषधांच्या कामात ढवळाढवळ करतं आणि गरोदरपणी चालत नाही. वनस्पतीचं आहे म्हणून निरुपद्रवी, हा समज सोडायला हवा. घेत असाल तर डॉक्टरांना सांगून घ्या, लपवून नको.

आल्याने जठर लवकर रिकामं होतं, हे निरोगी माणसांवर मोजलेलं आहे. चहात, वरणात आलं घाला, नुकसान नाही. प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलबाबत माझं मत सावध आहे. काहींना फायदा होतो, पण जिथे आधीच गर्दी आहे तिथे आणखी पाहुणे पाठवण्यासारखं ते ठरू शकतं. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डोकं जड होणं, विचारांत गोंधळ आणि पोटफुगी असलेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. तक्रार करणारे सगळे प्रोबायोटिक घेत होते आणि बहुतेकांना ते थांबवून व अँटिबायोटिक घेऊन बरं वाटलं. पचनाच्या एन्झाइमच्या गोळ्या स्वादुपिंड कमजोर असेल तरच. व्हिनेगर, अल्कलाइन पाणी, आतडी "डीटॉक्स" करणाऱ्या पुड्या यांवर पैसे घालवू नका.

पुन्हा होतं तेव्हा

रिफॅक्सिमिनने बरे झालेल्या ८० रुग्णांवर २००८ साली इटलीत लक्ष ठेवलं गेलं. तीन महिन्यांनी सुमारे १३ टक्के, सहा महिन्यांनी २८ टक्के आणि नऊ महिन्यांनी ४४ टक्के लोकांना पुन्हा सिबो झालेला होता. वय जास्त असलेल्यांत, आम्ल दाबणारी गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत आणि अपेंडिक्स काढलेल्यांत हे प्रमाण अधिक होतं. आकडे घाबरवण्यासाठी देत नाही. पुन्हा झालं म्हणजे तुमचं पथ्य चुकलं, तुम्ही एक लाडू खाल्लात म्हणून झालं, असं स्वतःला बोल लावू नका, एवढ्यासाठी देते. खराटा कमजोर असेल तर कचरा पुन्हा साचतो. अशा वेळी डॉक्टर कधी आतड्याची गती वाढवणारं औषध रात्री देतात, कधी मूळ आजाराचा उपचार नव्याने बसवतात. आईच्या बाबतीत थायरॉइडचा डोस बदलला.

तिला दहा महिन्यांनी पुन्हा त्रास झाला. या वेळी दोन वर्षं थांबावं लागलं नाही, दुसऱ्या आठवड्यातच तिने ओळखलं. कोर्स झाला, चार आठवडे पथ्य झालं, आणि मग एकेक पदार्थ परत आणायला सुरुवात केली : एका वेळी एकच, तीन दिवस, रोज थोडा जास्त, मग दोन दिवस विसावा. नोंदी ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने करते. मेच्या पानावर तिच्या बारीक अक्षरात लिहिलंय : "पोळी १ – ठीक. पोळी २ – ठीक. कांदा १ चमचा – ठीक. कांदा पाव वाटी – रात्री गच्च. ताक – ठीक. आमरस २ चमचे – ठीक." त्याखाली दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात फक्त एवढंच : "आमरस ४ चमचे."